मिस मॅव्हिसची जेली आणि चार गोळ्या

पर्समध्ये बाळगायच्या रिव्हॉल्वरमध्ये कुठली गोळी भरावी, हा प्रश्न आमच्या कौंटीत कुणालाही पडला तर त्याने दुकानदाराला विचारू नये, मेहुण्याला विचारू नये, इंटरनेटच्या तर वाटेलाही जाऊ नये. सरळ माझ्याकडे यावं! मी या विषयाचा पद्धतशीर, शास्त्रीय, इंचाइंचाने मोजून अभ्यास केलेला आहे. अमेरिकेतल्या आमच्या आर्कान्सा राज्यात गोळ्यांची चाचणी घेणारे पुष्कळ असतील. पण चाचणीचा निकाल बसून खाल्लेला माणूस मी एकटाच!

मी टोबिन रॅगलंड. वय सव्वीस. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात काउंटरवर असतो. डेलिया स्टॅनफिलशी माझं लग्न व्हावं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा मी आयुष्यात बाळगली होती. आमच्याकडे आधी मुलीच्या वडिलांना विचारतात आणि इथेच सगळं अडलं होतं. डेलियाचे वडील म्हणजे रॉस्को स्टॅनफिल, निवृत्त डेप्युटी शेरिफ. उंची सहा फूट तीन इंच, पैकी दोन फूट नुसत्या भुवया असाव्यात असं वाटतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी माणसावर एकदाही पिस्तूल झाडलं नाही. गरजच पडली नाही! ते गाडीतून उतरायचे आणि समोरचा गुन्हा कबूल करायचा. शेजारी उभा असलेला एखादा त्या भरात स्वतःचाही करायचा.

एका गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या स्वयंपाकघरात दाखल झालो. टेबलापाशी रॉस्को सर आणि त्यांची आई, मिस मॅव्हिस, समोरासमोर बसले होते. मिस मॅव्हिस अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या (आमच्याकडे आजी झाली तरी बाईला मानाने 'मिस'च म्हणतात); वजनाने एखाद्या ओल्या टॉवेलइतक्या. दोघांच्या मध्ये एक छोटं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर उघडून, रिकामं करून ठेवलेलं. वातावरण असं की मधे मीठ मागायचीसुद्धा हिंमत होऊ नये.

"सर, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"थांब पोरा. आधी आईशी बोलून होऊ दे."

"बोलून झालंय," मिस मॅव्हिस म्हणाल्या. "तू आणून दिलेल्या गोळ्या मी वापरणार नाही. परवा एकच झाडली तर दोन दिवस मनगट सुजलं होतं!"

"आई, ती जोरदार गोळी आहे. समोरचा पडला पाहिजे."

"तो पडेल तेव्हा पडेल, आधी मी पडते ना!"

"पण हलकी गोळी घेतलीस आणि तो पडलाच नाही तर?"

"मग मी त्याला बसायला खुर्ची देईन. बाळा टोबिन, तूच सांग, म्हाताऱ्या बाईला असं छळतात का?"

मी दोघांकडे पाहिलं. एकीकडे होणारे सासरे, दुसरीकडे होणारी आजेसासू. अशा वेळी शहाणा माणूस कॉफी मागतो. मी म्हणालो, "सर, हा प्रश्न मी सोडवतो!"

रॉस्को सरांची डावी भुवई सावकाश वर गेली. "तू?"

"शास्त्रीय पद्धतीने. जिलेटिनचा ठोकळा करायचा. माणसाच्या अंगाला सगळ्यात जवळचा पदार्थ तोच. त्याच्यापुढे जीन्सच्या कापडाचे चार थर लावायचे आणि एकेक गोळी झाडून बघायची. बारा इंच ते अठरा इंच आत जाऊन थांबली तर पास. आरपार गेली तर नापास, कारण मागे कुणी उभा असू शकतो. अलीकडेच थांबली तरी नापास."

हे सगळं मी आदल्या रात्री एका व्हिडिओत पाहिलं होतं. पण सांगताना असं सांगितलं, जणू लहानपणापासून मी याच ठोकळ्यांत वाढलोय.

"मला तोंडी निकाल चालत नाही," रॉस्को सर म्हणाले. "कागदावरचाही नाही. गोळी जिथे थांबली तिथेच मला दिसली पाहिजे. ठोकळ्यासकट."

"रविवारी दुपारी, चर्चच्या जेवणानंतर, ठोकळा तुमच्यासमोर! आणि मग मला जे बोलायचंय ते..."

"आईच्या गोळीचं ठरेपर्यंत मी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलणार नाही. ठरलं की बोल."

म्हणजे बघा, माझं अख्खं लग्न एका अर्ध्या इंचाच्या वस्तूवर येऊन ठेपलं!

मिस मॅव्हिसनी रिव्हॉल्वर माझ्याकडे सरकवलं. "यातूनच झाड हो. याची नळी आखूड आहे. लांब नळीतून झाडलेल्या गोळीने काय पराक्रम केले, ते ऐकून मला काय करायचंय?"

बाईंना विषयाची माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

शुक्रवारी मी किराणा दुकानात गेलो. एक भाग जिलेटिनची पूड, नऊ भाग पाणी, असं प्रमाण. बिनचवीची पाकिटं मोजून चाळीस मिळाली. आणखी हवी होती, पण संपली होती. उरलेली भर मी लिंबाच्या हिरव्या जेलीच्या पाकिटांनी काढली. शास्त्राला रंगाचं वावडं नसतं.

"पार्टी आहे का?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"आत्मसंरक्षण," मी म्हणालो.

तिने पाकिटं घाईघाईने पिशवीत भरली.

भांडं डेलियाने आणून दिलं. दीड फूट लांब, अॅल्युमिनियमचं, कडा गोलसर झालेल्या. "आजीचं आहे," ती म्हणाली. "एकतीस वर्षं ती याच भांड्यात चर्चच्या जेवणाची जेली लावते. ओरखडा आला तर मी तुला ओळखत नाही."

"मग यंदा जेली कशात लावणार?"

"यंदा नाहीच लावणार. बोटं दुखतायत तिची. पण कुणाला बोलू नकोस! त्या लुव्हेनिया बाईंना कळलं तर 'अरेरे बिचारी मॅव्हिस' करत गावभर फिरतील, आणि आजीला दुखणं परवडतं, कीव परवडत नाही."

मी शपथ घेतली. जीन्सच्या चार थरांसाठी माझ्याच एकुलत्या एक चांगल्या पँटचा बळी दिला. पुढचा पाय, मागचा पाय, असे मोजून चार थर निघाले. मोठ्या कामासाठी माणसाला काहीतरी सोडावं लागतं. मी पँट सोडली.

शनिवारी सकाळी काकाच्या शेताच्या कडेला, मातीच्या उंच बांधासमोर, फळीवर ठोकळा उभा राहिला. हिरवागार, गच्च, गढूळ. बोटाने टिचकी मारली की बैलाच्या खांद्यासारखा थरथरायचा. मी कानाला मफ, डोळ्यांना चष्मा लावला आणि डावीकडून उजवीकडे, ओळीने चार जातींच्या चार गोळ्या झाडल्या. मग प्रत्येक भोकात बारीक सळई घालून खोली मोजली. वहीत लिहिलं ते असं:

पहिली, पूर्ण तांब्याच्या कवचाची. जीन्स, ठोकळा, सगळं ओलांडून मागच्या बांधात. तिला थांबायला सांगितलंय हे तिच्या गावीही नव्हतं. नापास!

दुसरी, रॉस्को सरांची लाडकी जोरदार गोळी, पोकळ नाकाची, म्हणजे आत शिरली की फुलासारखी उमलणारी. चौदा इंच. आत बहुधा छान उमलली असावी. मी मात्र कोमेजलो. मनगटातून जी कळ निघाली ती थेट दाढेत गेली, आणि अर्ध्या मैलावरचे कावळे दुसऱ्या कौंटीत राहायला गेले.

तिसरी, महागडी. डब्यावर गरुड, वीज आणि एक डोंगर. तिच्या पोकळ नाकात माझ्या पँटचे धागे जाऊन अडकले असणार, कारण ती उमललीच नाही. सर्दी झाल्यासारखी सतरा इंच गेली.

चौथी, चपट्या नाकाची, अगदी साधी. पेन्सिलीच्या मागचं खोडरबर दिसतं तशी. लोक ती सरावाला वापरतात. धक्का जवळजवळ नाहीच, आणि जिथे नेम धरला तिथेच लागली. साडेपंधरा इंच, सरळ रेषेत.

आता ठोकळा रविवारपर्यंत थंड ठेवायला हवा होता. माझ्या खोलीतला फ्रिज एवढा लहान की त्यात दूध ठेवलं तर अंड्यांना बाहेर यावं लागतं. चर्चच्या हॉलमधला फ्रिज मात्र दोन दारांचा, आणि दर शनिवारी तिथलं गवत मीच कापतो, त्यामुळे किल्ली माझ्याकडे. ठोकळा परत भांड्यात घातला, वर चंदेरी कागद, कागदावर चिठ्ठी: "रविवार. जेवणानंतर." स्वतःला आठवण म्हणून!

झालं. पूर्ण योजनेत एकही फट नव्हती.

रविवार म्हणजे चर्चचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात, आणि प्रवचन झालं की पिकॅनच्या झाडांखाली टेबलं मांडून दोनशे माणसं जेवतात. मी आजोबांची लोकरी पँट घालून प्रवचनाला बसलो होतो, कारण दुसरी उरलीच नव्हती. आमचे पाद्री ब्रदर ऑर्व्हिल नरकाच्या उष्णतेबद्दल बोलत होते, आणि पँटमुळे मला सगळं पटत होतं.

प्रवचन संपलं. मी बाहेर आलो. गोडाच्या टेबलाकडे सहज नजर गेली.

टेबलाच्या मधोमध, मोठ्या काचेच्या ताटात, माझा ठोकळा! वर चार बोटं जाड क्रीम. समोरच्या अंगाला ओळीने चार लालबुंद चेरी. बाजूला कार्ड: "मिस मॅव्हिस स्टॅनफिल." आजूबाजूच्या इतर अकरा जेल्या उन्हाने ओघळून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. माझी मात्र सीमेवरच्या जवानासारखी उभी!

"मिस लुव्हेनिया," मी विचारलं, "ही इथे कशी आली?"

मिस लुव्हेनिया आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा. त्यांच्या परवानगीशिवाय तिथे पाणीसुद्धा उकळत नाही. "अरे, फ्रिजमध्ये नुसतीच झाकून ठेवली होती! कुणाची ते कळेना. मग ताटात पालथी केली, तर भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी! मॅव्हिस एस."

आमच्याकडे चर्चला भांडं न्यायचं तर बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहितात, नाहीतर भांडं परत येत नाही. एकतीस वर्षं चिकटलेली ती पट्टी मी पाहिलीसुद्धा नव्हती.

"बिचारी क्रीम लावायला विसरली असेल," त्या पुढे म्हणाल्या. "पण काय व्यवस्थितपणा बघ! एका बाजूला चेरी बसवायला ओळीने चार भोकंसुद्धा करून ठेवली होती. अगदी मापात!"

मी चेरींकडे पाहिलं. चेरी अगदी मापात बसल्या होत्या.

पलीकडे मिस मॅव्हिस खुर्चीत बसल्या होत्या आणि लोक येऊन त्यांचा हात हातात घेत होते. "मिस मॅव्हिस, यंदा तर कमालच केलीत! अशी उभी जेली बघितली नाही!" मिस मॅव्हिसनी ठोकळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत ठोकळ्याकडे पाहिलं. आणि शांतपणे म्हणाल्या, "आभारी आहे."

आता बघा माझी अवस्था. ओरडून सांगावं, तर दोनशे माणसांदेखत मिस मॅव्हिसनी जेली केलीच नाही हे उघड होणार. शिवाय रॉस्को सरांना कळणार की त्यांच्या आईच्या भांड्यातून मी सगळ्या गावाला गोळ्या वाढल्या. लग्न तिथेच आटोपलं! गप्प बसावं, तर कुणाचा तरी दात जाणार.

पण मी घाबरलो नाही. कारण गोळ्या कुठे आहेत ते जगात फक्त मला ठाऊक होतं, तेही अर्ध्या इंचापर्यंत! चार चेरी म्हणजे चार वाटा. डावीकडची पहिली गोळी आरपार गेलेली, तेव्हा ती बाजू निर्धोक. उरलेल्या तीन पट्ट्या कुणी हात लावायच्या आत मी खाऊन टाकायच्या. बस!

मी ताट घेऊन रांगेत पहिला उभा राहिलो.

"मिस लुव्हेनिया, मला दुसरी आणि तिसरी चेरी द्या. पार मागपर्यंत."

"म्हणजे?"

"पूर्ण पट्टी. दीड फूट. दोन."

"आधी तळलेली कोंबडी तरी घे, लेकरा!"

"कोंबडी नको. मला आज फक्त जेली."

त्यांनी सुरी चालवली. सुरी टुण्णकन उडून परत आली. दुसरी आणली, ती वाकली. शेवटी टर्की कापायची विजेवरची सुरी आली आणि घर्रर्र आवाज करत ठोकळ्यात शिरली. लाकडाच्या वखारीत जेली कापतायत असं वाटत होतं! दोन पट्ट्या माझ्या ताटात आडव्या पडल्या. ताटाबाहेर दोन्हीकडे वीतभर लोंबत होत्या.

मी झाडाआड बसलो आणि खायला सुरुवात केली.

मित्रहो, चवीबद्दल काय सांगू? लिंबाचा वास असलेला ट्रॅक्टरचा टायर! मी चघळायचो, ती परत मूळ आकारात यायची. दुसऱ्या चेरीच्या वाटेवर सतरा इंचांवर दाताला काहीतरी लागलं. गोळी! हळूच रुमालात. तिसऱ्या चेरीच्या वाटेवर चौदा इंचांवर दुसरी. वहीप्रमाणे खरंतर उलट हवं होतं. दुसरीला चौदा, तिसरीला सतरा. मी तिकडे दुर्लक्ष केलं. शास्त्रात किरकोळ फरक चालायचेच.

डोकं वर काढलं तर समोर डेलिया.

"टोबिन, तू काय करतोयस?"

"आजीचा मान राखतोय."

"तोंडातून निळा धागा लोंबतोय तुझ्या."

"माझ्याच पँटचा आहे," मी म्हणालो आणि चौथ्या पट्टीसाठी पळालो.

टेबलापाशी आता गर्दी होती. आमच्या लोकांचं एक बरं आहे: म्हाताऱ्या बाईच्या पदार्थाला ते कधीही नावं ठेवत नाहीत. कडेचे तुकडे घेतलेले लोक क्रीम चाटून जेली खिशात, रुमालात, कुंडीत, कुत्र्याच्या दिशेने अशी पोचवत होते आणि मोठ्याने म्हणत होते, "अप्रतिम! अगदी नेहमीसारखी!" कुत्र्यानेही वास घेऊन नम्रपणे मान फिरवली.

"मिस लुव्हेनिया, चौथी चेरी!"

"अरे, पोट आहे की कोठार? आणि ही पहिली पट्टी कुणाला देऊ?"

एवढ्यात मागून रॉस्को सर आले. हातात दोन ताटल्या. "एक आईला, एक मला."

मी छाती पुढे काढली. "यांना पहिली चेरी द्या, मिस लुव्हेनिया! पहिलीच. मी खात्रीने सांगतो, अख्ख्या जेलीत यांच्यासाठी याहून चांगला भाग नाही."

रॉस्को सरांनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मी मनातल्या मनात वऱ्हाड मोजायला घेतलं.

चौथी पट्टी घेऊन मी झाडामागे गेलो. दहा इंच. बारा. चौदा. जबडा आता माझा राहिला नव्हता. साडेपंधरा इंच... काही नाही! सोळा, सतरा, अठरा. पट्टी संपली. गोळी नाही!

म्हणजे मी ती गिळली!

भीतीने पोटात गोळा येतो म्हणतात. माझ्या पोटात तो वजनासकट आला होता! मी दोन पावलं चाललो. आत काही खुळखुळतंय का ऐकलं. लग्न राहिलं बाजूला, आता विमानतळावरच्या तपासणीत मी जन्मभर वाजणार!

तेवढ्यात स्टॅनफिलांच्या टेबलावरून आवाज आला.

टक्!

फार मोठा नव्हता. पण तसा आवाज जेलीतून येत नाही, एवढं सगळ्यांनाच कळलं. मिस मॅव्हिसनी ओठांजवळ रुमाल नेला, त्यात काहीतरी घेतलं, पर्समधून चष्मा काढला, तो डोळ्यांवर चढवला, आणि वस्तू बोटांत धरून उन्हात फिरवून फिरवून पाहिली.

"टोबिन बाळा," त्या म्हणाल्या, "जरा इकडे ये."

मी गेलो. तिथवर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भांडं ताटात पालथं केलं! पालथं केल्यावर डावं उजवीकडे गेलं! आरपार गेलेली गोळी चौथ्या चेरीमागची, आणि ही... मी काही गिळलं नव्हतं! एवढा आनंद झाला की परिस्थितीचा क्षणभर विसर पडला आणि मी हसलो. रॉस्को सरांच्या दोन्ही भुवया एकमेकींना भेटल्या.

"ही कुठली?" मिस मॅव्हिसनी विचारलं.

"चपट्या नाकाची, मिस मॅव्हिस. सगळ्यात साधी."

"माझ्याच रिव्हॉल्वरमधून?"

"हो."

"किती आत?"

"साडेपंधरा इंच."

"जीन्सने अडली नाही?"

"नाकात भोकच नाही, अडायला."

"आणि धक्का?"

"शिंकेपेक्षा कमी."

त्यांनी गोळी टेबलावर ठेवली. रॉस्को सर खुर्चीतून उठायला लागले. ते बराच वेळ उठतच होते. एवढी उंची सरळ व्हायला वेळ लागतो. "पोरा," ते म्हणाले, "माझ्या आईच्या तोंडात गोळी कशी आली?"

मी रुमाल उलगडला आणि उरलेल्या दोन गोळ्या त्यांच्या ताटलीशेजारी मांडल्या. "तुम्हीच म्हणाला होतात सर, ठोकळ्यासकट दाखव."

सगळ्या मैदानात चमचे खाली ठेवल्याचा आवाज झाला. ब्रदर ऑर्व्हिल उभे राहिले, हात पसरून म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, आपण सगळे... अं... आणखी कुणी काही चावलंय का?"

"नाही ब्रदर! एकूण तीनच होत्या!" मी ओरडलो. "तिन्ही इथे आहेत! वहीत नोंद आहे!"

"म्हणजे ही मॅव्हिसची जेली नाही?" मिस लुव्हेनियांचा हात छातीवर.

मिस मॅव्हिस वळल्या. "नाही, लुव्हेनिया. यंदा माझी बोटं चालत नाहीत, म्हणून मी केली नाही. पण तू एवढं कौतुक करत होतीस, मला तुला तोडवेना. आता सगळ्यांनी जेवा. मला माझ्या मुलाशी बोलायचंय." मग सरांकडे वळून: "रॉस्को, तुझी कुठली यातली?"

रॉस्को सरांनी निमूटपणे उमललेली गोळी दाखवली. खरंच सुंदर उमलली होती. तांब्याचं फूल जसं.

"छान आहे. घराण्यात दुसऱ्या कुणाला दे. मी ही घेणार."

"आई, ती नुसती सरावाची गोळी आहे!"

"मग मी सराव करीन!"

रॉस्को सरांनी तिन्ही गोळ्या एकेक करून हातात घेतल्या, माझी वही मागून घेतली, शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि मला मानेने खुणावून पिकॅनच्या शेवटच्या झाडाखाली नेलं. दोनशे माणसं जेवत असल्याचं नाटक करत बघत होती.

"किती खाल्लीस?" त्यांनी विचारलं.

"तीन पट्ट्या, सर. साडेचार फूट."

"का?"

"कुणाला लागू नये म्हणून. आणि... मिस मॅव्हिसनी जेली केली नाही हे कुणाला कळू नये म्हणून."

"मी एक तुकडा खाल्ला," ते म्हणाले. "एकच. तो अजून इथे आहे." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "साडेचार फूट!" त्यांनी मान हलवली. "आईच्या गोळीचं ठरलं. बोल, तुला काय बोलायचं होतं?"

मी बोललो. तयारी करून ठेवलेलं सुंदर भाषण होतं, पण जबडा सुजल्यामुळे त्यातले फक्त "डेलिया", "लग्न" आणि "सर" एवढेच शब्द बाहेर आले.

"माझी हरकत नाही," रॉस्को सर म्हणाले आणि माझा हात असा दाबला की मनगटातली शनिवारची कळ परत दाढेत गेली.

मी धावत सुटलो! लोकरी पँट, पोटात साडेचार फूट जेली, पण धावलो! डेलिया टेबलापाशी आजीचं भांडं निरखत उभी होती, ओरखडा आलाय का बघत.

"डेलिया! हो म्हणाले! वडील हो म्हणाले!"

"कशाला?"

"आपल्या लग्नाला!"

तिने भांडं खाली ठेवलं. "कुठलं लग्न? मला विचारलंयस तू?"

मी आमच्या ओळखीची दोन वर्षं मागे जाऊन आठवून पाहिली. वडिलांना कसं विचारायचं, शर्ट कुठला इस्त्री करायचा, गोळी किती इंच जायला हवी, हे सगळं माझ्या वहीत तपशीलवार होतं. डेलियाला विचारणं ही ओळ कुठल्याच पानावर नव्हती.

"आत्ता विचारतो!" मी म्हणालो आणि एक गुडघा टेकला.

"आत्ता तुझ्या दाढीला क्रीम लागलंय, दातात पँट अडकलीय, आणि तू माझ्या आजीला गोळी खायला घातलीयस."

"मग?"

"आधी तोंड धुऊन ये."

मी गेलो. इतकं स्वच्छ तोंड मी आयुष्यात कधी धुतलं नव्हतं! दात घासले, कानामागेही साबण लावला, आरशात तीनदा सराव केला, केस भिजवून बसवले आणि बाहेर आलो.

डेलिया नव्हती. आजीही नव्हती. गाडीही नव्हती.

"अरे, त्या दोघी चपट्या नाकाच्या गोळ्या आणायला गेल्या," मिस लुव्हेनियांनी सांगितलं. "रविवारी दुकान चारलाच बंद होतं ना!"